रस्त्यावर मीठ पडायच्या आत

नोव्हेंबर अर्धा सरला होता.
लान्सिंगच्या रस्त्यांवर मीठ पडायच्या आत
न्यायला हवी, एवढंच मी फोनवर म्हणालो.
आकडा त्यानं सांगितला. मी घासाघीस केली नाही,
त्यामुळे तोच जरा घाबरला.

ॲरिझोनाहून आला, कॉल्टन एस्पार्झा,
माझ्या धाकट्या मुलीपेक्षाही लहान.
सोबत एक लोहचुंबक, मऊ फडक्यात गुंडाळलेला,
रंगाखाली कुठे लांबी भरली आहे का ते पाहायला.
डॉक्टर पोट दाबून बघतात तसा
तो दारं, मडगार्डं, डिकी चाचपत गेला
आणि मी उगाच श्वास धरून उभा.

एकोणीसशे सत्तरची ओल्ड्समोबिल, फोर-फोर-टू,
उघडणाऱ्या टपाची.
अशा जगात किती उरल्यात ते त्याला पाठ होतं.
मला नव्हतं. मला ही एकच माहीत.

सत्त्याहत्तरमध्ये घेतली एका दंतवैद्याकडून.
पेट्रोल महागलं होतं, आणि ही तर घटाघटा प्यायची.
भाऊ म्हणाला, पांढरा हत्ती बांधलास दारात.
हत्ती हिरवा होता. गडद, बाटलीच्या काचेसारखा.
मार्लिसनं डोक्याला रुमाल बांधला
आणि विचारलं, "मग, कुठे न्यायचं याला चरायला?"
नेला. सरोवराच्या काठाकाठानं, पार मॅकिनॉच्या पुलापर्यंत.
पुलावर टप लावून घेऊ, असं मी म्हणालो होतो.
रुमाल तिथेच उडाला.
नंतर कितीतरी मैल ती हसत होती
की रडत, वाऱ्यात कळलं नाही.

उजवं दार जरा उचलून लावावं लागतं.
हे मी कॉल्टनला सांगितलं.
हे नाही सांगितलं, की सत्तर साली
मी दुसऱ्या पाळीला होतो, त्याच कारखान्यात,
दारांच्या लाइनवर,
आणि बिजागरीची ती चूक बहुधा माझीच.
आता तिथे नुसतं गवत आहे, कुंपणाआड.

नंबर जुळले. इंजिनावरचा, सांगाड्यावरचा,
मागच्या सीटच्या स्प्रिंगांत सापडलेल्या कागदावरचा.
कागद कोपऱ्यात उंदरांनी कुरतडलेला,
तो त्यानं दोन्ही हातांनी धरला, ओला असल्यासारखा.
पुढच्या सीटवर सिगारेटचं भोक.
"कातडं मूळचंच ना? मग असू दे," म्हणाला.
मार्लिसनं सिगारेट सोडली त्या दिवसाचं ते भोक.
तारीख माझ्या लक्षात आहे. त्यानं विचारली नाही.

वाटलं होतं, ट्रेलरवर तरी मीच चढवीन.
"विम्याचा प्रश्न येतो, मिस्टर डायक्स्ट्रा."
फार अदबीनं बोलला.
तारेचा आकडा अडकवला, बटण दाबलं.
जिच्या आवाजानं सगळी गल्ली अंथरुणात उठून बसायची
ती वर गेली बंद इंजिनानं,
टायरांखालचे खडे तेवढे करकरले.
समोरच्या मिसेस ओकाफोर खिडकीतही आल्या नाहीत.

इतकी वर्षं डोळ्यांत तेल घालून जपली
आणि ती तेल गाळत राहिली गॅरेजच्या फरशीवर.
खाली मी पुठ्ठा ठेवायचो.
आज सकाळी जुना काढला, नवा घातला,
मग लक्षात आलं.
तसाच राहू दिला.

चेक अजून फ्रिजच्या दारावर आहे, चुंबकाखाली.
चुंबक चेरीच्या आकाराचा, कुठल्याशा जत्रेतला.
बँकेत सोमवारी जाईन. किंवा मंगळवारी.

रात्री कॉल्टनचा फोन, ओक्लाहोमातल्या मॉटेलमधून.
गाडी ताडपत्रीखाली आहे, दोनदा उठून बघून आलो, म्हणाला.
मला तो पहिल्यांदाच आवडला.
मग म्हणाला, "दुसरी किल्ली असेल ना तुमच्याकडे?
जोडी असली की बरं."

"हरवली," मी म्हणालो. "फार पूर्वी. पुलावर."

फोन ठेवला आणि कपाट उघडून
मार्लिसच्या तपकिरी कोटाच्या खिशात
हात घालून पाहिलं.
आहे.